दैनंदिन जलपान : नळाचे पाणी की बाटलीबंद पाणी?

रुग्णपत्रिकेत आपण आहार, निद्रा, मलमूत्रप्रवृत्ती यांची बारकाईने नोंद करतो. पाण्याविषयी मात्र बहुधा 'प्रमाण' एवढेच लिहितो. वारंवार अतिसार होणारा रुग्ण "वैद्यराज, आम्ही विकतचेच पाणी पितो" असे सांगतो, तेव्हा पाणी हे कारण नाही असे गृहीत धरून आपण पुढे जातो. हे गृहीतक कितपत योग्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शास्त्रदृष्टी

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या ४५ व्या अध्यायात दूषित पाण्यासाठी अग्नीवर उकळणे, सूर्यतापात तापविणे, तप्त लोहपिंड किंवा वाळू त्यात विझविणे असे उपाय सांगितले आहेत. कतक (निवळी), वस्त्र, मुक्ता इत्यादी सात प्रसादन द्रव्ये त्यांनी वेगळी दिली आहेत. हा भेद महत्त्वाचा आहे. निवळीने गढूळपणा खाली बसतो, पण सर्व रोगजंतू नष्ट होत नाहीत. निवळलेले पाणी शुद्ध असतेच असे नाही. हेच पारदर्शक बाटलीतील पाण्यालाही लागू पडते.

नळाचे पाणी

जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी, गाळण व क्लोरीन असे संस्कार होतात. आयएस १०५०० या मानकानुसार क्लोरीनयुक्त पाण्यात ग्राहकाच्या नळाशी किमान ०.२ मि.ग्रॅ. प्रतिलिटर मुक्त क्लोरीन उरलेले असावे. दोष बहुधा केंद्राबाहेर उत्पन्न होतो. पुरवठा खंडित झाला की वाहिनीतील दाब घटतो आणि गळतीच्या जागेतून भोवतीचे सांडपाणी आत ओढले जाते. न धुतलेल्या गच्चीवरील टाक्या त्यात भर घालतात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुईलेन-बॅरे सिंड्रोमचे अनेक रुग्ण आढळले. काहींच्या मलनमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला व दूषित पाण्याकडे संशय वळला. पाण्याची उपेक्षा किती महाग पडू शकते, याचे हे अलीकडचे उदाहरण होय.

बाटलीबंद पाणी

लोक सरसकट 'मिनरल वॉटर' म्हणतात. परंतु बाजारातील बहुतेक बाटल्यांत आयएस १४५४३ या मानकाखाली येणारे, यंत्राने शुद्ध केलेले पाणी असते. नैसर्गिक खनिजजलाचे मानक (आयएस १३४२८) वेगळे आहे. मोहोरबंद बाटली प्रवासात, पुरात वा साथीच्या काळात निश्चित उपयोगी आहे. तथापि ती निर्दोष नव्हे. २००३ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने बाटल्यांतील पाण्यात कीटकनाशकांचे अंश दाखविल्यावर मानके कडक झाली. २०२४ साली अमेरिकेतील अभ्यासात एका लिटरमध्ये सरासरी सुमारे २ लाख ४० हजार सूक्ष्म व अतिसूक्ष्म प्लास्टिककण आढळले. त्यांचे शरीरावरील परिणाम अद्याप निश्चित झालेले नाहीत. म्हणून रुग्णास भय दाखवू नये, परंतु उन्हात तापलेली बाटली टाळण्यास अवश्य सांगावे.

मोहोर वा लेबल नसलेले थंड पाण्याचे जार हा तिसराच प्रकार आहे. थंडपणा हा शुद्धतेचा पुरावा नव्हे. रुग्णाच्या 'विकतच्या पाण्या'चा अर्थ पुष्कळदा हाच असतो.

व्यवहार

चार माणसांच्या कुटुंबास पिण्यास व स्वयंपाकास रोज १० लिटर पाणी लागते असे मानले आणि लिटरला २० रुपये धरले, तर महिन्याचा खर्च ६,००० रुपये होतो. सामान्य कुटुंबास हे झेपत नाही. मग ते स्वस्त जारकडे वळते किंवा पाणीच कमी पिते. यास्तव महापालिकेचे पाणी येणाऱ्या घरास पुढील विधी सांगावा :

१. पाणी गाळून खळखळून उकळावे व उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट ठेवावे.
२. झाकून थंड करावे. ओगराळ्याने किंवा तोटीने घ्यावे, हात बुडवू नये.
३. रोज ताजे करावे. उकळून रात्रभर शिळे झालेले पाणी वाग्भटांनी त्रिदोषकर मानले आहे. हा नियम मोहोरबंद बाटलीस जसाच्या तसा लावणे मात्र तर्क ताणणे होय.
४. तांब्याचे भांडे जरूर वापरावे, पण ते उकळण्यास पर्याय समजू नये.

उकळण्याची मर्यादाही ध्यानात असावी. फ्लोराइड व नायट्रेट उकळून जात नाहीत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतील फ्लोराइडयुक्त कूपनलिकांचे पाणी असल्यास स्त्रोत बदलणे किंवा योग्य शुद्धीकरण हाच उपाय आहे.

उपसंहार

नळ की बाटली, हा प्रश्न अपुरा आहे. पाणी कोठून येते, त्यावर कोणता संस्कार झाला, ते कशात साठविले आणि किती काळ, हे चार प्रश्न प्रत्येक रुग्णास विचारावेत. कुटजारिष्ट कितीही उत्तम असले, तरी निदानपरिवर्जन घडल्याविना अतिसार पुनःपुन्हा परततो. आणि ते निदान कित्येकदा स्वयंपाकघरातील माठातच असते.