चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

ढाका ही बांगलादेशाची राजधानी. तेथील ब्रॅक विद्यापीठात २००४ साली सार्वजनिक आरोग्याचे विद्यालय स्थापन झाले. उष्ण प्रदेशातील रोगांचा अभ्यास करण्यासाठी अनेक देशांतील विद्यार्थी तेथे येतात. आपल्या देशातील समृद्ध ग्रंथालये सोडून ते इतक्या दूर का येतात? याचे उत्तर एका साध्या औषधाच्या कथेत आहे.

पटकी हा भयंकर रोग. त्यात जुलाब व वांत्या होऊन शरीरातील पाणी आणि क्षार झपाट्याने निघून जातात. वेळीच उपचार न झाल्यास रोगी काही तासांतच दगावू शकतो. पूर्वी शिरेतून सलाईन देणे हाच खात्रीचा उपाय होता. पण खेड्यातील गरिबाला तो कोठून मिळणार? ढाक्यात १९६० साली पटकीच्या संशोधनासाठी प्रयोगशाळा निघाली. तेथे डेव्हिड नॅलिन व रिचर्ड कॅश या तरुण अमेरिकन डॉक्टरांनी सहकाऱ्यांसह १९६८ साली एक गोष्ट सिद्ध केली. ग्लुकोज व क्षार योग्य प्रमाणात घातलेले पाणी पाजल्यास सलाईनची गरज पुष्कळच कमी होते. साखरेमुळे आतड्यात मीठ शोषले जाते व मिठापाठोपाठ पाणीही.

उपाय सापडला, तो घरोघरी कसा जावा? १९८० पासून ब्रॅक या संस्थेच्या सेविका खेडोपाडी हिंडू लागल्या. अर्धा शेर पाणी, तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढे मीठ आणि मूठभर गूळ, अशी कृती त्या मातांना शिकवीत. मातांना ती तोंडपाठ झाली. तरीही मूल आजारी पडले असता फारच थोड्या घरांत ते पाणी पाजले जाई!

असे का व्हावे? शोध घेता कळले, की खुद्द सेविकांचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले, की त्या गोळ्या घेत. शिवाय घरातील पुरुषांना कोणी काही सांगितलेच नव्हते. तेव्हा सेविकांना उपायामागील शास्त्र समजावून देण्यात आले. पुरुषांना बाजारात व मशिदीत गाठण्यात आले. हळूहळू विश्वास बसला. दहा वर्षांत एक कोटीहून अधिक घरांत ही विद्या पोहोचली आणि असंख्य बालके वाचली.

परदेशातून आलेला विद्यार्थी येथे हेच शिकतो. औषधाचे प्रमाण पुस्तकात सापडते. ते घेणाऱ्याच्या मनातील शंका मात्र त्याच्या अंगणात बसून, त्याचे ऐकूनच कळते. आपल्या उपायाला यश आले नाही, तर लोकांना अडाणी न म्हणता आपले कोठे चुकले हे शोधावे, एवढी नम्रता ज्याच्या अंगी आली, त्याचे शिक्षण सफल झाले म्हणावे.

स्वाध्याय
१. कृती तोंडपाठ असूनही माता ते पाणी का पाजीत नसत?
२. परदेशी विद्यार्थी ढाक्यास जाऊन काय शिकतात?
३. वाक्यात उपयोग करा : दगावणे, तोंडपाठ होणे, विश्वास बसणे.