वचनाची छडी करू नका

मार्चचा दुसरा आठवडा होता. सकाळचे अकरा वाजले होते आणि ऊन ओट्यापर्यंत आलं होतं. अकरा वर्षांच्या लेकाने लसाविचं तेच उदाहरण तिसऱ्यांदा चुकवलं आणि माझा तोल गेला. "जा, धीराबद्दलचं वचन पन्नास वेळा लिहून आण," मी ओरडले. त्याने मुकाट्याने लिहून आणलं. वही पुढ्यात ठेवत त्याने विचारलं, "आई, देवही असाच चिडतो का गं?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. देवाची ओळख मुलांना घरातच, उठता-बसता व्हावी म्हणून आम्ही घरशाळा निवडली होती. आणि मीच त्या वचनाची छडी केली होती.

हे एका दिवसात घडलं नव्हतं. जूनमध्ये भिंतीवर वेळापत्रक लागलं, पुस्तकांना कव्हरं चढली. दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग सासऱ्यांचं आजारपण आलं, घरात दोन लग्नं झाली आणि फेब्रुवारी संपताना गणिताचे सात धडे शिल्लक राहिले. शेजारची मुलं परीक्षेच्या तयारीत होती. नातेवाईक विचारत, "यंदा याचं कसं काय?" पण खरी भीती वेगळीच होती. ही देवाने दिलेली जबाबदारी आहे, असं मी मंडळीत सगळ्यांना सांगितलं होतं. आता थकले म्हणायचं तर विश्वास कमी पडला असं होईल, असं वाटायचं. म्हणून मी आणखी शक्ती मागत राहिले आणि पाच-पाच तासच झोपत राहिले.

मंडळीतल्या एका निवृत्त शिक्षिकेपाशी मी रडले. त्यांनी उपदेश केला नाही. एवढंच म्हणाल्या, "बाळा, एलीयाची गोष्ट पुन्हा वाच." मी वाचली. झुडपाखाली बसून 'आता पुरे' म्हणणाऱ्या त्या संदेष्ट्याला देवाने आधी झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. पुढच्या वाटेचं बोलणं त्यानंतर झालं. थकवा म्हणजे अविश्वास नव्हे, हे मला तेव्हा कळलं.

तुमच्या घरातही आज असाच मार्च चालू असेल, तर आधी तीन दिवस पुस्तकं मिटा. झोपा. मुलांनाही झोपू द्या. चौथ्या दिवशी वर्षभराच्या वह्या काढून मुलांबरोबर चाळा. जूनमधलं अक्षर आणि आत्ताचं अक्षर शेजारी ठेवा. राहिलेले धडे रोज डोळ्यांपुढे असतात, झालेलं मात्र आपण विसरून गेलेलो असतो.

मग उरलेल्याचे तीन भाग करा: आत्ता हवंच ते, जूनवर ढकलता येईल ते, आणि सोडून दिलं तरी चालेल ते. आम्ही वाचन, लेखन आणि गणित ठेवलं. सातपैकी तीन धडे घेतले, बाकीचे जूनवर टाकले. मुलं मोठी असतील आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी द्यायची असेल, तर तिथली सोय लक्षात ठेवा: परीक्षा वर्षातून दोनदा होते, नोंदणी ५ वर्षं टिकते आणि सगळे विषय एकदम द्यावे लागत नाहीत. एका मार्चवर मुलाचं आयुष्य ठरत नाही.

वेळ बदला. पंडिता रमाबाईंची शाळा म्हणजे त्यांची आई. घरकामाच्या रगाड्यातून ती माउली पहाटे लेकीला मायेने उठवायची आणि पाठ तोंडी घोकून घ्यायची. पुढे याच रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर केलं. तो पहाटेचा तास आठवून आम्ही सकाळी साडेसहाला बसू लागलो आणि नऊला उठू लागलो. उन्हाच्या आधी अडीच तासांत जे होतं, ते दुपारी पाच तासांत होत नाही.

आणि एकटीने ओढू नका. दिवसभर एकटाच लोकांचे न्याय करत बसलेल्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो म्हणाला होता की, असं केलंस तर तूही थकशील आणि लोकही थकतील. आता शनिवारी विज्ञान नवरा घेतो, मराठी वाचन आजी घेते आणि गणिताला त्या शिक्षिका येतात. "मला जमत नाहीये," हे मी मंडळीत मोठ्याने म्हटलं, तेव्हा कुणीही बोट दाखवलं नाही. दोघीजणी डबा घेऊन आल्या.

शेवटी, वचन आणि प्रार्थना शिक्षेपासून दूर ठेवा. गणित चुकलं तर गणितच पुन्हा समजावा. राग आलाच तर पाणी प्या, बाहेर चक्कर मारून या. आणि चूक आपली असेल तर मुलापुढे कबूल करा. मी केली. "देव असा चिडत नाही रे. आई चुकली," असं म्हणून मी त्याची माफी मागितली. तो काही बोलला नाही. त्या रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत मात्र कितीतरी दिवसांनी तो आपणहून बोलला: "प्रभू, आईला झोप दे."