चांदी कोरू नका, ठसा कोरा: टेबलावरच्या सीएनसीचा खरा हिशेब

बाजारात ‘३०१८’ या नावाने ओळखली जाणारी छोटी सीएनसी सुट्या भागांत मागवली, तर १५ ते ३० हजारांत घरपोच येते. ३०१८ म्हणजे ३०० बाय १८० मिलिमीटरचा पाट. संगणकावर काढलेली नक्षी हे मशीन फिरत्या कटरने धातूच्या पत्र्यावर कोरते. नावाची पेंडंट, कानातली, देवीचे टाक असले काही घरच्या टेबलावर करून तुळजापूरच्या किंवा धाराशिवच्या बाजारात विकता येईल का, असे अनेक जण विचारतात. विकता येईल. मात्र मशीनची किंमत बघून खर्च ठरवलात, तर पहिल्याच महिन्यात हात पोळतील.

आधी टेबलावरचा खर्च बघू. आकडे ढोबळ आहेत, खरेदीच्या दिवशी भाव विचारूनच पुढे जा. बऱ्यापैकी ३०१८ मशीन २२ हजार धरा. सोबत येणारी मोटर बहुधा लाकडाच्या आणि प्लास्टिकच्या लायकीची असते. धातूसाठी ‘ईआर ११’ कॉलेट, म्हणजे कटर घट्ट धरणारी पकड, आणि कटर डगमग न करता फिरवणारा स्पिंडल लागतो, त्याचे ४ हजार. कटरसाठी आणखी ४ हजार बाजूला ठेवा. लहान शिकंजा आणि पत्रा धरायच्या पट्ट्या दीड हजार, सरावासाठी पितळ आणि अॅक्रिलिक दीड हजार, वीज गेली तर काम वाचवणारा यूपीएस ३ हजार, कीस उडू नये म्हणून भोवतीची पेटी २ हजार, चष्मा-मास्क-व्हर्नियर दीड हजार, घासायची आणि चकाकी आणायची मोटर ४ हजार. बेरीज ४३,५००. म्हणजे २२ हजारांचे मशीन धातूच्या कामाला लावेपर्यंत दुपटीच्या घरात जाते. लॅपटॉप यात धरलेला नाही. जुना असला तरी चालतो.

यूपीएसला चैन समजू नका. मध्येच वीज गेली की हे मशीन कटर कुठे होता ते विसरते. परत सुरू केल्यावर एका केसाइतका जरी फरक पडला तरी नक्षीत दुहेरी रेघ उमटते आणि तुकडा भंगारात जातो. खेड्यातल्या फीडरवर राहत असाल, तर हे ३ हजार आधी खर्च करा, सुबक कटर नंतर घ्या. विजेचा खर्च मात्र किरकोळ आहे. मशीन २०० वॉटच्या आसपास ओढते, म्हणजे पाच तासांना एक युनिट.

सॉफ्टवेअरला सुरुवातीला एक पैसाही लागत नाही. रेघांच्या नक्षीला इंकस्केप, त्रिमितीसाठी फ्रीकॅड किंवा ब्लेंडर, मशीन चालवायला कँडल, हे सगळे फुकट आहे. उठावाच्या नक्षीची तयार सशुल्क सॉफ्टवेअर पुढे कधी तरी बघा. खरा खर्च शिकण्याच्या वेळेचा आहे, आणि तो कोणत्याही कोटेशनमध्ये लिहिलेला नसतो.

आता मशीनची ताकद. पितळ, तांबे, अॅल्युमिनियम आणि चांदी ते कोरते, पण एका फेरीत दशांश मिलिमीटर इतकेच. पोलाद त्याच्या आवाक्याबाहेर आहे. ४० बाय ३० मिलिमीटरचा, दीड मिलिमीटर खोलीचा उठाव पितळात कोरायचा आहे असे समजा. आधी एक मिलिमीटरच्या कटरने पंधरा थर काढायचे. रेघा ०.४ मिलिमीटरच्या अंतराने आणि वेग मिनिटाला ३०० मिलिमीटर ठेवला, तर त्यालाच अडीच तास जातात. मग पाव मिलिमीटर त्रिज्येच्या निमुळत्या गोल टोकाच्या कटरने शेवटचा हात फिरवायचा, रेघारेघांत ०.०८ मिलिमीटरचे अंतर ठेवून. तो आणखी पाऊण तास ते तास. कटर बदलणे आणि उंची पुन्हा लावणे धरून चार तास समजा. हा बारीक कटर नगाला ४०० ते ९०० रुपयांना पडतो आणि घाई केली की पहिल्याच दिवशी मोडतो. मशीन सोडून बाहेर जायचे नाही, हा नियम त्यातूनच आला.

आता चांदीचा हिशेब. चांदीचा भाव सध्या कुठे जाऊन थांबेल याचा नेम नाही, म्हणून गणितापुरता ग्रॅमला २०० रुपये धरू. तुम्ही त्या जागी त्या दिवशीचा भाव घाला. २० मिलिमीटर व्यासाचे, २ मिलिमीटर जाड गोल पेंडंट कापायला २५ बाय २५ मिलिमीटरचा पत्रा घ्यावा लागतो. ९२५ चांदीत तो १३ ग्रॅम भरतो, म्हणजे २,६०० रुपये. कोरून हातात येणारे पेंडंट साधारण साडेपाच ग्रॅमचे. उरलेले साडेसात ग्रॅम, म्हणजे १,५०० रुपये, कडेचे तुकडे आणि कीस होऊन पाटावर पडतात. एका पत्र्यातून पाच-सहा नग एकदम कापले तर कडा कमी वाया जातात, पण कीस टळत नाही.

तो कीस आटवून परत मिळतो, हे खरे. पण त्याच पाटावर आदल्या दिवशी पितळ कोरले असेल आणि दोन्ही कीस मिसळले, तर सोनार त्याला चांदी मानत नाही आणि घट कापतो. आपल्याकडे सोनाराच्या दुकानाबाहेरची धूळ-राख विकत घेऊन धुणारे झारेकरी असत. त्यांचा सगळा धंदा या न दिसणाऱ्या घटीवर चालला. मशीनवाल्याने ते काम स्वतः करायचे: चांदीच्या दिवशी पाट पुसून, तेलाऐवजी थोडे स्पिरिट वापरून, प्रत्येक नगाआधी आणि नंतर वजन टिपून. एवढा हिशेब ठेवायचा कंटाळा असेल, तर चांदी थेट कोरायच्या भानगडीत पडू नका.

माझे मत विचाराल तर तसेही पडू नका. धाराशिव जिल्ह्यात या मशीनचा सर्वांत मोठा उपयोग चांदीचा दागिना कोरण्याचा नाही, ठसा कोरण्याचा आहे.

टाक कसा होतो ते आठवा. देव्हाऱ्यात पुजला जाणारा चांदीचा टाक भरीव नसतो. मऊ केलेला पातळ पत्रा कोरलेल्या ठशावर ठोकून देवीचा उठाव घेतात. बोरमाळेचे मणी आणि माळेतल्या पुतळ्या याही ठशाच्याच कुळातल्या: पातळ धातू, उठावदार रूप आणि कमी वजन. ४० बाय ३० मिलिमीटरचा टाक पाव मिलिमीटर पत्र्याचा केला, तर सुमारे सव्वातीन ग्रॅम चांदी लागते, साडेसहाशे रुपयांच्या आसपास. तोच टाक २ मिलिमीटरच्या पत्र्यातून थेट कोरायचा तर २५ ग्रॅम, ५ हजार रुपये. देवी तीच, देव्हारा तोच. गिऱ्हाईक घडणावळ देईल, पण आठपट चांदीचे पैसे कशाला देईल?

ठसा पितळात कोरायचा. ६० बाय ५० बाय ६ मिलिमीटरचा तुकडा दीडशे ग्रॅमचा. किलोला ८०० रुपये धरले तर सव्वाशे रुपयांचा माल. कटरची झीज, वीज, पॉलिश मिळून रोख खर्च ३५० रुपयांपलीकडे जात नाही. ठसा चुकला तरी तो भंगारात विकता येतो. सोनाराला हवी ती नक्षी, उदाहरणार्थ त्याच्या गिऱ्हाइकाच्या कुळातल्या जुन्या टाकावरून उतरवलेली, करून दिलीत आणि मजुरीसह अडीच हजार मागितलेत, तर तुमचा ४३,५०० चा खर्च वीस-एकवीस ठशांत निघतो. माल त्याचा, विक्री त्याची, भावाच्या चढउताराची जोखीमही त्याचीच.

काही गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. पोकळ ठशात पत्रा दाबला की जे खोल तेच वर येते, म्हणून नक्षी उलटी कोरायची: उंच ते खोल आणि डावे ते उजवे. ‘तुळजाभवानी’ अशी अक्षरे असतील तर आरशात बघितल्यासारखी. भिंती सरळ उभ्या ठेवू नका, पत्रा कोपऱ्यात फाटतो. थोडा उतार द्या. नथीची बारीक रेघ स्क्रीनवर सुंदर दिसते, पण पाव मिलिमीटरचा पत्रा तिच्यात उतरतच नाही, म्हणून बारीकसारीक तपशील आधीच गाळा. पत्र्याला ताव देऊन मऊ करणे, शिशाच्या किंवा रबराच्या तुकड्याने दाबणे हे काम सोनाराच्या हाताला ठाऊक असते. त्याच्या शेजारी बसून शिका, व्हिडिओवर हे कळत नाही. पितळी ठसा कालांतराने बोथट होतो. एकाच नक्षीची मोठी मागणी आली, तर तीच फाइल सोलापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या व्हीएमसीवाल्याकडे, म्हणजे पोलाद कापणारी मोठी सीएनसी चालवणाऱ्याकडे, देऊन पोलादात ठसा करून घ्यावा. तासाला चारशे ते आठशे रुपये धरून चला.

नक्षी कुठून आणायची, हा प्रश्न या जिल्ह्यात पडू नये. तेरला, म्हणजे जुन्या तगरला, रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात सातवाहनकाळचे मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या आणि हस्तिदंती मूर्ती आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीची वेणी आणि कर्णभूषणे समोर असताना इंटरनेटवरून उचललेले बदामाचे चित्र कोरणाऱ्याला काय म्हणावे! फोटो काढायची परवानगी तिथे विचारून घ्या.

पितळाचीच कानातली आणि पेंडंट विकायची असतील, तर माल नगाला वीस-पंचवीस रुपयांचा आणि उरलेला सगळा तुमचा वेळ. पितळ घामाने काळवंडते आणि कातडीवर हिरवट डाग पडतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. कानात जाणारी तार चांदीची द्या, आणि मुलामा दिलात तर त्याखाली निकेलचा थर आहे का ते विचारा, काहींना त्याने खाज सुटते. चटकन कापल्या जाणाऱ्या पितळाच्या सळईत शिसे असते. कीस फुंकून उडवू नका, ब्रशने गोळा करा. काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका.

मेणाचा मार्गही आहे. दागिन्यांसाठीचे कडक हिरवे मेण हे मशीन लोण्यासारखे कापते, कटर मोडत नाही. मेणाचा नमुना ओतकाम करणाऱ्याकडे दिला की साच्यात चांदी उतरते. मेणाच्या वजनाच्या साधारण दहापट ९२५ चांदी लागते, म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या मेणाच्या अंगठीला पाच ग्रॅम. अंगठ्या आणि जाड पेंडंटसाठी हे उत्तम. ओतकामाची किमान मजुरी नमुना देण्याआधी विचारा, एका नगासाठी ती परवडत नाही.

आणि मशीन घेण्याआधी एक काम कराच. नक्षीची फाइल तयार करा आणि एक ठसा बाहेरून करून घ्या. तो सोनाराने विकत घेतला तर मशीनचा विचार, नाही तर गेले दोन हजार. हात लावून शिकायचे असेल तर पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या या आश्रमात २००२ मध्ये देशातली पहिली फॅब लॅब उभी राहिली, एमआयटीच्या सहकार्याने. तुळजापूर आणि धाराशिवच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतही कार्यशाळा बघायला मिळते का ते विचारा. फक्त नावे कोरायची असतील, तर सीएनसीचा नाद सोडा. सराफ बाजारातला लेझरवाला तेच काम मिनिटांत करतो.

चांदी म्हणून विकणार असाल तर हॉलमार्क घेतलेला बरा, जरी चांदीला तो अजून ऐच्छिक असला तरी. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही एचयूआयडी, म्हणजे सहा अंक-अक्षरांचा ओळख-क्रमांक, मिळू लागला आहे, आणि हॉलमार्किंग केंद्राचे शुल्क नगामागे ३५ रुपये, वर जीएसटी. दागिन्यावर जीएसटी ३ टक्के, दुसऱ्याच्या चांदीवर मजुरीने काम केलेत तर मजुरीवर ५ टक्के. मालाच्या विक्रीसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख उलाढाल, मजुरी-कामासाठी २० लाख. सुरुवातीला दोन्हींपासून तुम्ही दूर असाल, तरी वजनाची आणि मजुरीची वही पहिल्या दिवसापासून ठेवा.

कर्जासाठी पीएम विश्वकर्मा योजना बघा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेच्या अठरा व्यवसायांत सोनार आहे. हाताने, परंपरेने हे काम करणाऱ्यालाच ती लागू होते, केवळ मशीन घेतले म्हणून नाही. पहिले कर्ज एक लाखापर्यंत, ५ टक्के व्याजाने, १८ महिन्यांत फेडायचे. पूर्ण एक लाख घेतले तर महिन्याचा हप्ता ५,८०० च्या जवळपास. शिवाय अवजारांसाठी १५ हजारांचे व्हाउचर. सोनार नसलेल्यांनी मुद्रा योजनेच्या शिशू गटात ५० हजारांपर्यंत किंवा जिल्हा उद्योग केंद्रातून मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमासाठी अर्ज करावा. कोटेशन घेताना त्यात स्पिंडल, कॉलेट आणि यूपीएस लिहून घ्या. नुसत्या मशीनच्या कोटेशनवर कर्ज मंजूर झाले, तर उरलेले वीस हजार खिशातून जातात.

जुने मशीन स्वस्त मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही. स्पिंडल हाताने हलवून बघा, थोडाही खुळखुळाट असला तर सोडून द्या. मग विकणाऱ्यासमोर पितळावर दोन सेंटिमीटरचा चौकोन कोरायला लावा, चारही बाजू व्हर्नियरने मोजा आणि कोपरे गुण्याने तपासा. पैसे त्यानंतर.