अनुभवमंटपाआधीचा एकांत



सुरतेच्या दक्षिण अंगाला भेस्तान आहे. उधना, पांडेसरा, भेस्तान या पट्ट्यात कापडाच्या कारखान्यांवर पोट असलेली मराठी कुटुंबे पुष्कळ. २०२४ साली लोकसभेच्या निवडणुकीत येथे एक विलक्षण गोष्ट घडली. २२ एप्रिलला सुरत मतदारसंघातील उमेदवार बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर झाले; तेथे मतदान झालेच नाही. भेस्तान मात्र नवसारी मतदारसंघात मोडते. म्हणून ७ मे रोजी शहराच्या एका भागातले लोक रांगेत उभे राहिले आणि दुसऱ्या भागातल्यांच्या बोटाला शाई लागली नाही.

ज्यांना ही संधी मिळाली, त्यांनी तिचे काय केले? रांग सर्वांची असते, परंतु यंत्राच्या आडोशामागे माणूस एकटाच जातो. तेथे मुकादम नाही, पुढारी नाही, घरधनीही नाही. कायद्याने दिलेला हा एकांत अर्ध्या मिनिटाचा. तेवढ्यात विचार होत नाही. तो घरून करून न्यावा लागतो.

अनुभवमंटप म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सभा येते. पण त्या सभेतला शरण करस्थळी इष्टलिंग घेऊन आधी एकटा बसलेला असे, हे आपण विसरतो. अक्कमहादेवी कल्याणला आल्या तेव्हा अल्लमप्रभूंनी भर सभेत त्यांना कठोर प्रश्न विचारले, असे शून्यसंपादनेत आहे. अक्कांनी उत्तरासाठी कोणाच्या तोंडाकडे पाहिले नाही. उडुतडीहून कल्याणपर्यंतच्या एकाकी वाटेने त्यांना ते बळ दिले होते. ज्याने एकट्याने विचार केला नाही, तो सभेत नुसती मान डोलावतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातल्या भक्तीविषयी सावध केले होते. भक्तांच्या मासिकात हे लिहिताना संकोच वाटत नाही, कारण शरणांची भक्ती प्रश्न विचारणारी होती.

बारा तासांची पाळी करणाऱ्याला एकांत कोठला, असे तुम्ही म्हणाल. यंत्रमागाच्या खडखडाटात स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही, हे खरे. जेडर दासिमय्या विणकरच होते, पण त्यांच्या काळी यंत्रमाग नव्हता, हे मान्य! तरी पूजेची घटका तुमच्यापाशी आहेच. ध्यान आटोपल्यावर लगेच उठू नका. काल ऐकलेली बातमी खरी कशावरून, गल्लीतल्या पाण्याविषयी नगरसेवकाला काय विचारायचे, हे मनाशी पाहा. सुचेल ते कागदाच्या कपट्यावर लिहा. सुट्टीच्या दिवशी चार जण जमाल तेव्हा तो कपटा काढा. दुसऱ्याचे ऐकून त्यातले काही खोडावे लागले, तर खुशाल खोडा.