भाडेवाढ आणि भाडेकरूचे हक्क

दि. 17 सप्टेंबर 1937 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि दि. 10 जानेवारी 1938 रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. खोताने मागावे आणि कुळाने मुकाट्याने द्यावे, ही रीत मोडावी हा त्या लढ्याचा गाभा होता. शेतीचा खंड आणि घराचे भाडे यांचे कायदे भिन्न आहेत. परंतु देणे मालकाच्या मर्जीवर नव्हे, तर कायद्यावर ठरावे हे तत्त्व एकच आहे.

आमच्या वसतिगृहातून बाहेर पडलेली मुले-मुली अहिल्यानगर, पुणे येथे भाड्याच्या खोलीत संसार थाटतात. जामखेडातही अनेक कुटुंबे भाड्याने राहतात. 'पुढच्या महिन्यापासून हजार रुपये वाढवून द्या, नाहीतर खोली रिकामी करा,' हे वाक्य त्यांच्या परिचयाचे आहे. अशा वेळी घाबरून बिऱ्हाड हलविण्यापूर्वी पुढील गोष्टी जाणून घ्याव्यात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा कायदा दि. 31 मार्च 2000 पासून अमलात आहे. त्यानुसार मालकास भाड्यात दरवर्षी 4 टक्के वाढ करता येते. म्हणजे 3000 रुपये भाडे असल्यास वाढ 120 रुपयांची. इमारतीत सुधारणा वा मोठी दुरुस्ती केल्यास वेगळी वाढ मागता येते. तिलाही मर्यादा आहे.

भाडेकरू योग्य भाडे व कायदेशीर वाढ देत असेल किंवा देण्यास तयार असेल आणि इतर अटी पाळत असेल, तर मालकास सहसा ताबा मिळत नाही. स्वतःची खरी गरज, विनापरवानगी पोटभाडेकरू ठेवणे अशी कारणे मात्र कायद्याने मान्य केली आहेत. थकबाकीसाठी दावा लावण्यापूर्वी लेखी नोटीस देऊन 90 दिवस थांबावे लागते. दाव्याचे समन्स मिळाल्यावरही 90 दिवसांत थकबाकी 15 टक्के व्याज व खर्चासह न्यायालयात भरल्यास घर वाचू शकते. म्हणून वाढीचा वाद असला तरी कबूल भाडे कधीही थांबवू नये. मालक घेत नसेल तर ते मनीऑर्डरने पाठवावे आणि पोच जपावी.

भाड्याची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूला जेरीस आणण्यासाठी पाणी वा वीज तोडणे हा गुन्हा आहे. भाडेकरार लेखी व नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकाची आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज चुकीचा आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे आम्ही कर्तव्य समजतो. शहरांत बहुधा 'लिव्ह अँड लायसन्स'चा करार होतो. त्यात वाढ कराराप्रमाणे होते; 4 टक्क्यांचा आधार तेथे घेता येत नाही. मुदत संपूनही खोली न सोडल्यास दुप्पट रकमेची जबाबदारी येऊ शकते. म्हणून सही करण्यापूर्वी मुदत, अनामत आणि वाढीचे कलम शब्दशः वाचावे. तसेच हा अधिनियम त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या क्षेत्रांनाच लागू होतो. आपले गाव त्यात आहे का, याची आधी खात्री करावी.

ही चौकशी कोठे करावी? तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 नुसार स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. तो मागताना संकोच नसावा.

आमच्या आई-वडिलांच्या पिढीतील अनेकांना कागदावर अंगठा उमटवावा लागला. आपण तो कागद वाचू शकतो. 'शिका' या आदेशात भाडेकरार वाचणे आणि पावती मागणेही येते. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीतील चार घरांना एवढे समजावून सांगितले, तरी या शाळेने दिलेली अक्षरे कामी आली असे आम्ही मानू.

जय भीम! नमो बुद्धाय!