आजीच्या ओव्या

गोदावरीच्या काठी वसलेले गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. तेथील आमच्या घरी आजीच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून संगणकात ठेवल्या होत्या. पुढे आजी निवर्तली. त्या ओव्यांची दुसरी प्रत मात्र कोणीच काढली नव्हती.

एके दिवशी मी संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे त्याचा सारा कारभार चालविणारी आज्ञावली, बदलावयास घेतली. काम निम्म्यावर आले आणि वीज गेली! ती परतली तेव्हा संगणक काही केल्या सुरू होईना. जुनी प्रणाली बाजूला सारली गेली होती आणि नवी अर्धीच उतरली होती.

"पुन्हा नवी घालू का?" मी रडवेल्या स्वरात विचारले.

"थांब!" दादा म्हणाला, "प्रणाली उद्याही मिळेल. अगोदर ओव्या बाहेर काढू."

मुलांनो, दिवाणजी आजारी पडला म्हणून कपाटातील दप्तर काही जळत नाही. हार्डडिस्कवरील फायलींचेही बहुधा तसेच असते. बहुधा म्हणतो, कारण २०१८ च्या ऑक्टोबरात विंडोज १० ची नवी आवृत्ती घेताना काहींच्या फायलीच नाहीशा झाल्या. मायक्रोसॉफ्टने ती थांबविली व दोष काढून १३ नोव्हेंबरला पुन्हा दिली.

दादाने शेजाऱ्यांच्या संगणकावर एका पेनड्राइव्हमध्ये लिनक्स प्रणाली तयार केली आणि तिच्यावरून आमचा संगणक सुरू केला. फायली दिसल्या! त्या दुसऱ्या डिस्कवर उतरविल्यावरच त्याने नवी प्रणाली मुळापासून घातली.

रात्री त्याने पहिली ओवी लावली. जात्याची घरघर ऐकताच आई हातातले काम टाकून दाराशी येऊन बसली.