काळा दगड फुलत नाही

प्रश्न : गच्चीवरच्या उष्णतारोधक थरासाठी पर्लाइटचे पांढरे, हलके दाणे मिळतात. ते कसे बनवतात? आमच्याकडच्या काळ्या दगडापासून तसे करता येतील का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : काळ्या दगडाचा नाद सोडा. तो बेसॉल्ट; तापवला तर वितळेल, फुलणार नाही. पर्लाइट ही ज्वालामुखीतून आलेली काच. ग्रीसच्या मिलोस बेटावर आणि तुर्कस्तानात तिच्या मोठ्या खाणी आहेत. तिच्यात साधारण २ ते ५ टक्के पाणी अडकलेलं असतं आणि सगळा खेळ त्या पाण्याचाच.

दगड फोडून, चाळून, आधी थोडा भाजून घेतात, म्हणजे जादा पाणी निघून जातं. मग तो उभ्या भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसच्या ज्योतीत सोडतात. काच मऊ पडते, त्याच वेळी आतल्या पाण्याची वाफ होते आणि दाणा लाहीसारखा फुलतो. आकारमान ४ ते २० पट. गरम हवा त्याला वर उचलते, सायक्लोन नावाच्या यंत्रात तो हवेपासून वेगळा होतो. पाणी जास्त राहिलं तर दाण्याचा भुगा होतो, कमी पडलं तर माल जड निघतो. या अंदाजातच कारागिराचा कस लागतो.

कच्च्या मालाचं वजन घनमीटरला हजार किलोच्या आसपास, फुललेल्याचं बऱ्याचदा शंभराच्याही आत. उष्णता अडवते ती दाण्यांत कोंडलेली हवा. म्हणूनच ओला पर्लाइट जवळजवळ निकामी! वरचं वॉटरप्रूफिंग आधी नीट करून घ्या, आणि पोती ओतताना तोंडाला मास्क हवाच.